खानदेशात बसून कॉमेडी लिहायची, शूट करायची आणि मग मुंबईला विकायला न्यायची: नव्यांसाठी पायरी पायरीने

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठंही जा, प्रत्येक गावात एक तरी पोरगा असतोच जो पारावर बसून दहा जणांना पोट धरून हसवतो. हल्ली त्याच्या हातात मोबाईलपण आहे, त्यामुळे अहिराणी कॉमेडीचे व्हिडिओ ढिगाने निघतात, पण त्यातले बरेच जण दोन-अडीच वर्षांत थांबतात, आणि कारण विचारलं की सांगतात व्ह्यूज नाही, बजेट नाही, कॅमेरा नाही. माझं मत वेगळंय. त्यांच्याकडे कागद नसतो. जे केलं ते लोकेशनवर सुचलं म्हणून केलं, लिहिलेलं काहीच नाही, म्हणून सुधारता येत नाही, दुसऱ्याला दाखवता येत नाही आणि विकताही येत नाही. मी या रस्त्याने गेलोय, एकांकिकेपासून सुरुवात करून मुंबईतल्या नॅरेशनपर्यंत (म्हणजे समोर बसून गोष्ट तोंडी सांगण्यापर्यंत), त्यामुळे कुठं कुठं पाय अडकतो ते माहितीय. तेच क्रमाने सांगतो.

१. आधी स्टेज, मग कॅमेरा

हे ऐकायला जुनाट वाटेल पण कॉमेडी लिहिणाऱ्याला जिवंत प्रेक्षक लागतोच. दादा कोंडके बघा, सेवा दलाचं कलापथक, मग वसंत सबनीसांच्या वगनाट्याचे प्रयोगावर प्रयोग, आणि त्यानंतर १९७१ ला स्वतःची निर्मिती. हशा कुठं येतो, कुठं पडतो हे त्या माणसाला सिनेमा काढायच्या आधीच पाठ होतं. पु.लं.नी १९५३ मध्ये 'गुळाचा गणपती' केला तेव्हा कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, संगीत सगळं स्वतः, पण त्याआधी ते नाटक-रेडिओ-गाणं सगळीकडे फिरून आलेले होते.

आपल्याकडे सोय आहे. कॉलेजात असाल तर विद्यापीठाचा युवारंग महोत्सव आहे, तिथं प्रहसन, मिमिक्री, विडंबन नाट्य असले प्रकार असतात, एका प्रहसनाचं स्क्रिप्ट लिहा आणि कितीही फालतू वाटलं तरी सादर करा. कॉलेज सुटलं असेल तर सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहे, एकांकिका स्पर्धा आहेत. ते नाही जमलं तर गणपतीत मंडळासमोर पंधरा मिनिटांचं नाटुकलं करा. आणि तमाशा बघा, फडात बसून बघा. गण-गवळण झाल्यावर सोंगाड्याची जी बतावणी चालते ना, तिथं पंच म्हणजे हशाची ओळ कशी उशिरा टाकायची, समोरच्याला वाक्य कसं पुरं करू द्यायचं नाही हे फुकटात शिकायला मिळतं.

प्रयोग चालू असताना स्टेजकडे बघू नका. प्रेक्षकांकडे तोंड करून बाजूला उभे राहा आणि हातात स्क्रिप्टची प्रिंट ठेवा. जिथं हसले तिथं टिक, जिथं खोकले तिथं फुली. बायका कुठं हसल्या आणि पुरुष कुठं, तेपण लिहा, लय फरक असतो.

२. विनोद नाही, सिच्युएशन लिहा

इथं थोडं थांबतो कारण सगळा खेळ इथंच आहे.

नवा माणूस कॉमेडी म्हणजे डायलॉगबाजी समजतो. उदाहरण घ्या. नानाची म्हैस आप्पाच्या वावरात घुसली. नव्या लेखकाचा सीन असा असतो:

आप्पा: नाना, तुम्हनी म्हैसले काही अक्कल शे का?
नाना: तिले अक्कल ऱ्हाती ते ती मन्हाकडे ऱ्हाती का?

हसू येतं, येत नाही असं नाही. पण सीन तिथंच संपला, पुढं लिहायला काहीच उरलं नाही, म्हणून मग लेखक अजून एक जोक टाकतो, मग अजून एक, आणि तिसऱ्या जोकला लोक स्क्रोल करून पुढं जातात.

आता एकच गोष्ट बदला. आज शेतीची लाइट रात्री बाराला येणार आहे, आप्पाची मोटर जळालीय, आणि त्याला नानाची मोटर आज रात्रीपुरती मागायचीय. म्हणजे पोटात राग आहे पण तोंड गोड ठेवायचंय.

आप्पा: नाना, म्हैस काय तब्येतमा शे हो तुम्हनी!
नाना: देव जाने काय खास (खाते) ती.
आप्पा: (आवंढा गिळत) बाजरी.
नाना: तुले कसं काय माहीत?

आप्पा गप्प. इथं कॅमेरा आप्पाच्या तोंडावर ठेवा आणि तीन सेकंद काही करू नका. यात जोक कुठंय? एकपण नाही. पण माणसाला काहीतरी पाहिजे, ते मागायला तोंड उघडलं की दुसरंच बाहेर येतंय, त्यामुळे सीन आपोआप पुढं पळतो. तो मोटर मागेल, नाना म्हणेल घेऊन जा पण तेवढं म्हशीला तुझ्या वावराच्या बांधावर बांध, आणि आता आप्पा स्वतःच्या हाताने म्हैस स्वतःच्या बाजरीत नेऊन बांधणार. झाली की नाही गोष्ट?

म्हणून प्रत्येक सीनच्या वर लिहायच्या आधी तीन ओळी लिहायची सवय लावा: कोणाला काय पाहिजे, का मिळत नाही, आणि तो काय लपवतोय. तिसरी ओळ कॉमेडीत सगळ्यात महत्त्वाची. लपवण्यासारखं काही नसेल तर तो सीन सरळ काढून टाका.

अजून एक बारीक गोष्ट, हशाचा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवा. "बाजरी खास ती, मी बघेल शे तिले वावरमा" असं लिहिलं तर हशा पहिल्या शब्दावर येतो आणि पुढचं सगळं त्याच्यात बुडतं.

३. बोली एकच धरा

खानदेशी म्हणजे एकच भाषा असं मुंबईवाल्याला वाटतं, आपल्याला नाही वाटायला पाहिजे. धुळे-साक्रीकडची अहिराणी वेगळी, यावल-रावेर-भुसावळकडची लेवा गणबोली वेगळी, जामनेर-पाचोऱ्याकडची तावडी वेगळी, आणि नंदुरबारला वर सातपुड्यात गेलं की भिली-पावरी. रावेरच्या केळीवाल्या पाटलाच्या तोंडी शिंदखेड्याची अहिराणी टाकली की रावेरचा प्रेक्षक तिथंच उठतो. कॅरेक्टर कुठल्या तालुक्याचं ते कागदावर आधी ठरवा, आणि त्या तालुक्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडून डायलॉग वाचून घ्या. म्हाताऱ्याकडून नको, म्हातारे उगाच शुद्ध करून देतात.

यूट्यूबसाठी पूर्ण बोलीत लिहा आणि खाली मराठी सबटायटल द्या. टीव्ही चॅनलसाठी स्किट लिहायचं असेल तर पूर्ण अहिराणी चालत नाही, तिथं मराठीच पण "जाऊन राहिलो", "काय भो", "कसं काय" असा खानदेशी हेल ठेवून लिहावं लागतं. आणि बोलीचीच टिंगल म्हणजे कॉमेडी हा समज सोडा. हसू माणसाच्या वागण्यावर आलं पाहिजे, तो असा बोलतो म्हणून नाही.

४. कागद तयार करणे

क्रम असा: एका ओळीत गोष्ट, मग एका पानात गोष्ट, मग सीन ऑर्डर म्हणजे कुठला सीन कुठल्यानंतर याची यादी, मग पटकथा, आणि सगळ्यात शेवटी संवाद. नवे लोक उलट्या बाजूने, संवादापासून सुरू करतात. पहिली शॉर्ट फिल्म दहा मिनिटांच्या वर नको, चार कॅरेक्टर, दोन लोकेशन, बास.

लिहायला काय लागतं: गुगल डॉक्स पुरेसं आहे, त्यात मराठी बोलून टायपिंगपण होतं, त्यामुळे डायलॉग बोलत बोलत लिहिता येतात, फक्त अहिराणी त्याला नीट कळत नाही, ते हाताने दुरुस्त करा. एक ट्रॅप लक्षात ठेवा: डीटीपीवाल्याकडे जाऊन जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेऊ नका. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळं कचरा दिसतं. युनिकोडच (मोबाईलवर मराठी टाइप होतं तेच) वापरा आणि पाठवताना पीडीएफ.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजी फॉरमॅटचा आहे, देवनागरीत आणि त्यातून भराभर बोलणाऱ्या आपल्या लोकांच्या कॉमेडीत तो जुळेलच असं नाही. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून सगळं मोठ्याने वाचा, तोच खरा टाइम.

५. गोष्ट स्वतःच्या नावावर करा (हे कोणी सांगत नाही)

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद केसमध्ये हे स्पष्ट केलंय, कल्पना कोणाचीही असू शकते, ती मांडली कशी त्याला संरक्षण आहे. म्हणजे चहाच्या टपरीवर कोणाला "अशी अशी एक म्हैस" म्हणून गोष्ट सांगितली आणि त्याने केली तर तुम्ही काही करू शकत नाही. लिहिलेली असेल तर करू शकता.

मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, लोक तिला एसडब्ल्यूए म्हणतात. एकही सिनेमा नावावर नसला तरी नवख्यांसाठी सभासदत्वाचा प्रकार आहे, ऑनलाइन होतं, मुंबईला जावं लागत नाही, आणि सभासद झालं की घरबसल्या स्क्रिप्ट रजिस्टर करता येते. पुढं मानधनाचं किंवा क्रेडिटचं (लेखक म्हणून नाव लागण्याचं) भांडण झालं तर त्यांची वाद मिटवणारी कमिटीपण आहे. सरकारी कॉपीराइट ऑफिसमध्ये नोंदणी करायची तर लेखनासाठी फी ५०० रुपये आहे. कॉपीराइट लिहिल्याबरोबरच तुमचा होतो, नोंदणी हा पुरावा, पण भांडणात पुरावाच लागतो ना भो.

दोघं मिळून लिहित असाल तर पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहा की नाव कोणाचं आधी, पैसे कसे वाटायचे, एकाने सोडलं तर काय. जिगरी दोस्त असाल तर नक्कीच लिहा.

६. शूटिंग

हा भाग यूट्यूबवर हजार जणांनी शिकवलाय म्हणून फक्त कॉमेडीपुरतं आणि खानदेशापुरतं बोलतो.

मे महिन्यात दुपारी शूट ठेवू नका. ४४-४५ डिग्रीत मोबाईल गरम होऊन स्वतःच बंद पडतो, आणि घामाने भिजलेल्या नटाला टायमिंग सांगून काही फायदा नसतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ घ्या, ऊनपण चांगलं पडतं. खर्च करायचाच असेल तर कॅमेऱ्याआधी कॉलर माइकवर करा. चित्र थोडं फुटलं तर लोक बघतात, पंच ऐकू नाही आला तर संपलं. पिठाची गिरणी, लग्नाचा डीजे, कूलर या तिघांची चौकशी आदल्या दिवशी करून ठेवा.

कॉमेडीत जो बोलतो त्याच्यापेक्षा जो ऐकतो त्याचा शॉट जास्त कामाचा, म्हणून प्रत्येक सीनला ऐकणाऱ्याची रिअॅक्शन वेगळी घ्या. आणि शक्य तिथं दोघांना एकाच फ्रेममध्ये ठेवा, सारखं कट-कट केलं की टायमिंग नटाच्या हातून जाऊन एडिटरच्या हातात जातं, आणि एडिटर बहुतेक तुम्हीच असता. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरतं, पण कॉम्प्युटर दमदार लागतो.

साधनं नाही म्हणून रडणाऱ्यांनी शेजारच्या मालेगावकडे बघावं. नासीर शेखने तिथं २००० च्या सुमारास गाजलेल्या हिंदी सिनेमांची विडंबनं काढली, क्रेनच्या जागी बैलगाडी वापरली, नट सगळे गावातले, त्यातले काही यंत्रमागावर काम करणारे, आणि त्यावर पुढं फैजा अहमद खानने डॉक्युमेंटरी केली. फक्त तो काळ वेगळा होता. आज दुसऱ्याच्या सिनेमाची गाणी किंवा म्युझिक उचललं तर यूट्यूबची कंटेंट आयडी सिस्टिम ते ओळखते, मग कमाई मूळ मालकाला जाते किंवा व्हिडिओच अडकतो. अहिराणी गाणं वापरायचं असेल तर गायक ओळखीचा असला तरी ज्याच्या चॅनलवर ते आहे त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या.

शूटच्या दिवशी फाइलमध्ये एवढं पाहिजेच:

- प्रत्येक नटाची सही असलेलं संमतीपत्र (पोरं अठराच्या आतली असतील तर आईबापाची)
- ज्याचं घर, वावर, दुकान वापरताय त्याचं पत्र
- गावात रस्त्यावर गर्दीचा सीन असेल तर ग्रामपंचायतीला आणि पोलीस स्टेशनला दिलेल्या अर्जाची पोच
- स्क्रिप्टच्या दोन प्रिंट, एक हरवतेच

रेल्वे स्टेशनवर चोरून शूट करायला जाऊ नका. भुसावळ जंक्शनवर एखादा सीन छान दिसेल हे मान्य, पण रेल्वेची परवानगी आणि फी वेगळी असते, पहिल्या फिल्मला स्टेशनचा सीन बस स्टँडवर टाका, आणि तिथंपण आगारप्रमुखाला विचारून.

७. कुठं दाखवायचं आणि त्याचे नियम

यूट्यूबला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही. जाहिरातीची कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्यावर घर चालेल असं धरू नका. चॅनल हे तुमचं व्हिजिटिंग कार्ड समजा, तेवढं काम ते चोख करतं.

थेटरात लावायचं असेल तर सेन्सॉर बोर्ड, आणि इथं खेड्यातली कॉमेडी करणारे हमखास दोन ठिकाणी अडकतात. पहिलं म्हणजे जनावर. वरची म्हैस आठवते ना? सिनेमात बैल, म्हैस, घोडा, कोंबडा काहीही वापरायचं तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी काढावी लागते, आणि सेन्सॉरवाले तो कागद मागतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा सीन घ्यायचं डोक्यात असेल तर हे आधी बघा. दुसरं, तंबाखू आणि बिडी. पारावरचा नाना तळहातावर तंबाखू मळणारच, पण तो सीन ठेवला की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी संदेश दाखवावा लागतो आणि त्या सीनच्या खाली इशारा. करायचं तर करा, पण सवयीने नको. नाना नुसता सुपारी कातरत बसला तरी चालतोय.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी आईबापाच्या सल्ल्याने बघायचं) सर्टिफिकेटमध्ये ७, १३ आणि १६ असे वयाचे गट झालेत. शिव्यांवर हसवायचा विचार असेल तर त्या हिशोबाने कुटुंबाचा प्रेक्षक किती जाईल ते आधीच बघा, खानदेशात बाया-पोरं आली तरच शो भरतो.

अजून एक गोष्ट, गावातल्या खऱ्या माणसावर कॅरेक्टर बेतलं असेल तर नाव, धंदा आणि गाव तिन्ही बदला, एक बदलून भागत नाही. आणि जातीवरचा विनोद, तो लिहूच नका, कायदा आहेच पण कायद्याच्या आधी तो विनोदच आळशी असतो.

८. मुंबई

हातात दोन-तीन लिहिलेल्या शॉर्ट फिल्म, एक पूर्ण पटकथा आणि एका ओळीच्या पाच-सहा गोष्टी असल्याशिवाय मुंबईची गाडी धरू नका. जळगावहून सव्वाचारशे किलोमीटर आहे, रात्री बसलं की सकाळी पोचता, त्यामुळे सुरुवातीला तिथं खोली घेऊन राहायची काही गरज नाही. मीटिंगा एका आठवड्यात गोळा करा आणि परत या. कॉमेडी स्किटच्या कार्यक्रमांना लेखक सतत लागतात, तिथं शिरणं सिनेमापेक्षा सोपं, आणि दर आठवड्याला लिहायची सवय लागते ती आयुष्यभर कामी येते.

तिथं स्क्रिप्ट कोणी वाचत नाही, ऐकतात. त्याला नॅरेशन म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण गोष्ट तोंडी सांगायची. घरी आईसमोर, मग सलूनमध्ये, मग अनोळखी माणसासमोर प्रॅक्टिस करा. स्वतःच्या विनोदावर स्वतः आधी हसू नका, आणि ऐकणारा मोबाईल बघायला लागला तर आवाज वाढवायचा नाही, गोष्ट पुढच्या सीनवर न्यायची. अहिराणी डायलॉग अहिराणीतच बोलून दाखवा आणि लगेच मराठीत सांगा, समोरचा आधी आवाजावर हसतो, मग अर्थावर. नॅरेशनच्या आधी एका पानाची गोष्ट ईमेलने पाठवलेली असली पाहिजे, म्हणजे तारखेसकट नोंद राहते. व्हॉट्सअॅप व्हॉइस नोटवर गोष्ट सांगायची नाही म्हणजे नाही.

९. करार आणि पैसे

सोबत न्यायचे कागद: पॅन, आधार, बँकेचा रद्द चेक, एसडब्ल्यूएचं कार्ड, स्क्रिप्ट रजिस्टर केल्याची पावती.

पैसे टप्प्यांत मागा: साइन करताना, पहिला ड्राफ्ट दिल्यावर, शेवटचा ड्राफ्ट दिल्यावर. "रिलीजनंतर बघू" हा टप्पा नसतो. ड्राफ्ट किती वेळा बदलून द्यायचा त्याचा आकडा करारात पाहिजे, नाहीतर वर्षभर तेच लिहित बसाल. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस (आगाऊ इन्कम टॅक्स) कापतात, तो रिटर्न भरून परत मिळू शकतो, त्यामुळे कमाई छोटी असली तरी रिटर्न भरा.

कॉपीराइट कायद्यातल्या काही गोष्टी माहीत असल्या की समोरचा जरा जपून बोलतो. हक्क देणं लेखी आणि सहीनेच होतं, तोंडी नाही. किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल तर ५ वर्षं धरली जातात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन त्याने वर्षभरात वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर ते परत तुमच्याकडे येतात. म्हणूनच करारात "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे शब्द कुठं टाकलेत ते आधी शोधा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमात वापरलेल्या लेखनाच्या, थेटराबाहेरच्या पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा करारातूनही सोडून देता येत नाही, तसा क्लॉज दिसला तर खाडाखोड करून सही करू नका, नवी प्रिंट मागा.

आणि क्रेडिट. कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी नावं असतात, तुम्ही काय काय केलं ते तिन्ही शब्दांत लिहून घ्या. टायटलला नाव कसं यायला पाहिजे ते, आडनाव आणि ऱ्हस्व-दीर्घासकट, मराठीत टाइप करून ईमेलने पाठवा आणि एडिट लॉक व्हायच्या (म्हणजे एडिटिंग कायमचं पक्कं व्हायच्या) आधी टायटलची क्लिप बघायला मागा.